अध्यापकाचे चिंतन आणि विद्यार्थ्याची साक्ष

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. दोघेही आपापल्या विद्येविषयी निःशंक आहेत आणि दोघांपाशीही स्वतःच्या श्रेष्ठत्वाचे समर्थन तयार आहे. निवाडा करणारी परिव्राजिका मात्र या समर्थनांवर विसंबत नाही. कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायी शोभते, तर कोणाचे सामर्थ्य ती दुसऱ्याच्या ठायी संक्रांत करण्यात असते, हा भेद ध्यानी घेऊन आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून करण्याचे ठरते. हा सारा कलह विदूषकाने राजाला मालविका दिसावी एवढ्याचसाठी पेटवलेला असतो, आणि गणदासाच्या शिष्येचे नृत्य आटोपताच मध्याह्न झाल्याचे निमित्त होऊन बिचाऱ्या हरदत्ताची पाळी टळते, हा भाग नाटकाच्या विनोदाचा. निवाड्याची रीत मात्र विनोदाची नाही. आपल्या अध्यापनाविषयी आचार्य काय समजतो याची ती विचारपूस करीत नाही; शिष्याच्या ठायी काय उतरले आहे, एवढेच पाहते.

उच्च शिक्षणाविषयी गेल्या अर्धशतकात जे संशोधन झाले, त्यातील एका मोठ्या प्रवाहाने याहून निराळी वाट धरली. त्याने अध्यापकाच्या अंतरंगाकडे लक्ष वळवले. या प्रवाहाचा उगम वस्तुतः विद्यार्थ्याच्याच अभ्यासात आहे. स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी विद्यार्थी एखादा मजकूर कसा वाचतात याचा शोध घेऊन १९७६ मध्ये असे दाखवून दिले, की काही विद्यार्थी मजकुरातील वाक्ये धरून ठेवण्याच्या खटपटीत असतात, तर काही लेखकाला काय म्हणावयाचे आहे ते शोधतात. पहिल्या वाचनाला त्यांनी उथळ म्हटले, दुसऱ्याला सखोल. पुढे ऑस्ट्रेलियात कीथ ट्रिगवेल आणि मायकेल प्रॉसर यांनी हाच भेद अध्यापकांकडे नेला. अध्यापन म्हणजे ज्ञानाचे संक्रमण, असे मानणारे अध्यापक एका टोकाला. अध्यापन म्हणजे विद्यार्थ्याच्या कल्पनांत घडणारे परिवर्तन, असे मानणारे दुसऱ्या टोकाला. पहिल्या प्रकारच्या अध्यापकांच्या वर्गात उथळ अभ्यासाची प्रवृत्ती अधिक आढळते, असा त्यांचा १९९९ चा निष्कर्ष आहे. यावरून एक सोपी अनुमानमालिका तयार झाली: धारणा बदलली तर अध्यापन सुधारेल, आणि धारणा बदलावयाची तर अध्यापकाला चिंतन करावयास लावले पाहिजे. ‘चिंतनशील अध्यापक’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून इतका रूढ झाला आहे, की त्याविषयी शंका घेणे हे विचारशून्यतेचे समर्थन करण्यासारखे वाटावे. तथापि ही अनुमानमालिका तपासून पाहणे अवश्य आहे. तिच्यातील दोन्ही सांधे दिसतात तितके मजबूत नाहीत.

पहिला सांधा धारणेचा. अध्यापकाची धारणा समजून घेण्याचा या संशोधनाचा मार्ग म्हणजे त्याला विचारणे किंवा त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेणे. न्यूझीलंडमधील रूथ केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे परीक्षण करून नेमके याच ठिकाणी बोट ठेवले: अध्यापक जे सांगतो तेवढेच यात नोंदले जाते, वर्गात तो काय करतो हे बहुधा पाहिलेच जात नाही. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्येच व्यावसायिकांच्या संदर्भात उक्त सिद्धान्त आणि आचरित सिद्धान्त असा भेद केला होता. माणूस विचारले असता जो सांगतो तो उक्त. त्याच्या कृतीवरून जो काढता येतो तो आचरित. आणि दोहोंतील अंतर खुद्द त्या माणसाला दिसत नाही. ‘विद्यार्थ्याने स्वतंत्र विचार करावयास शिकले पाहिजे’, असे चर्चासत्रात मनापासून सांगणारे प्राध्यापक दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटे टिपणे सांगून मोकळे होतात, तेव्हा त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. जिभेला चालवणारी धारणा एक आणि खडूला चालवणारी दुसरी, इतकेच. ही दुसरी धारणा कोठून येते, याचे उत्तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शालेय शिक्षकांविषयी दिले होते. शिक्षक होण्यापूर्वी प्रत्येकाने हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर काढलेले असतात, आणि ती एक न मागितलेली उमेदवारीच असते. महाविद्यालयीन अध्यापकाला हे अधिकच लागू पडते. शाळेतील शिक्षकाला निदान अध्यापनाची पदवी तरी घ्यावी लागते. प्राध्यापक होण्यास विषयातील पदव्युत्तर पदवी, आणि तिच्या जोडीला पात्रतापरीक्षा किंवा विद्यावाचस्पती ही उपाधी पुरते. वर्गात उभे राहण्याचा सराव नियुक्तीपूर्वी कोणी मागत नाही. त्यामुळे ज्या प्राध्यापकांच्या तासाला आपण भारावून गेलो, त्यांची लकब हीच पुष्कळांची अध्यापनमीमांसा होऊन बसते. त्या वेळी बाजूच्या बाकावरचे कितीजण भारावले नव्हते, हे भारावलेल्याला आठवत नाही.

दुसरा सांधा चिंतनाचा. येथे शॉन यांच्या ग्रंथाचा अधिक बारकाईने विचार करावा लागतो. ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ हा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अध्यापनशास्त्रातील चिंतनविषयक बहुतेक लेखन त्याच्या छायेत वाढले. शॉन यांचा पिंड तत्त्वज्ञाचा. त्यांचा प्रबंध जॉन ड्यूई यांच्या अन्वेषणमीमांसेवर होता. (ड्यूई हे नाव महाराष्ट्राला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी होते.) धारणेला आधार कोणता आणि तिच्यातून निष्पन्न काय होते, याचा चिकाटीने केलेला विचार म्हणजे चिंतन, ही ड्यूईंची भूमिका. शॉन यांनी तिच्यात भर घातली ती अशी, की कुशल व्यावसायिक कृती आटोपल्यावरच चिंतन करतो असे नाही. तो कृती चालू असतानाच चिंतन करीत असतो. या कृतिगत चिंतनाची त्यांची उदाहरणे मोठी रेखीव आहेत. वास्तुशिल्पाचा अध्यापक विद्यार्थिनीच्या आराखड्यावर पेन्सिल चालवतो, रेघ ओढताच उतारावरची इमारत निराळी दिसू लागते आणि त्या दर्शनातून पुढची रेघ सुचते. जॅझ वाजवणारे एकमेकांचे सूर ऐकत ऐकत रचना घडवतात. परिस्थिती कर्त्याला उलट बोलते आणि कर्ता तिचे ऐकतो, अशी शॉन यांची कल्पना आहे.

या उदाहरणांतच त्यांच्या सिद्धान्ताची मर्यादाही दडलेली आहे. कागदावरची रेघ चुकली तर ती चुकलेली दिसते. सूर बिघडला तर सर्वांना ऐकू येतो. महाविद्यालयाच्या वर्गात मात्र अध्यापकाची कृती ज्या द्रव्यावर घडते ते द्रव्य, म्हणजे ऐंशी किंवा शंभर विद्यार्थ्यांची मने, त्याच्या दृष्टीआड असते. वर्ग शांत असतो. ही शांतता आकलनाची, कंटाळ्याची, की आदराची, हे तिच्यावरून कळत नाही. आणि ज्या अर्थी कळत नाही त्या अर्थी अध्यापक ती आपल्या धारणेप्रमाणे वाचतो. पुढच्या बाकावरील दोघेतिघे माना डोलावतात, तो वर्गाचा होकार समजला जातो. चिंतनाला येथे विषयच मिळत नाही. मिळतो तो अध्यापकाला स्वतःच्या बोलण्याविषयी वाटलेला समाधानाचा किंवा असमाधानाचा भाव. ‘आज तास चांगला झाला’, या वाक्यात विद्यार्थ्याविषयी बहुधा काहीच सांगितलेले नसते.

शॉन यांच्याच ग्रंथात एक प्रसंग आहे आणि तो त्यांच्या सिद्धान्तापेक्षा अधिक बोलका आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जीन बॅम्बर्गर आणि एलिनॉर डकवर्थ यांच्या प्रकल्पात काही शालेय शिक्षकांना एक चित्रफीत दाखवण्यात आली. तीत दोन मुलगे एका मेजाशी बसले आहेत आणि मधे एक आडपडदा आहे. एका मुलापुढे रंगीत ठोकळ्यांची एक आकृती मांडलेली आहे; तो सूचना देतो आणि पलीकडच्या मुलाने त्याबरहुकूम तीच आकृती रचावयाची आहे. पहिल्या काही सूचनांनंतर दुसऱ्या मुलाची रचना भरकटत जाते. शिक्षकांचे निदान तत्काळ तयार झाले. सूचना देणाऱ्याचे भाषेवर प्रभुत्व आहे, दुसऱ्याला सांगितलेले समजत नाही. तो मंद असावा. मग संशोधकांपैकी एकीने सांगितले, की पहिल्या मुलाने ‘हिरवा चौकोन घे’ असे म्हटल्याचे आपण ऐकले. आणि ठोकळ्यांत हिरवा चौकोन मुळी नव्हताच. चौकोन सारे नारिंगी होते, हिरवे होते ते त्रिकोण. चित्रफीत पुन्हा लावण्यात आली तेव्हा शिक्षक चकित झाले. दुसऱ्या मुलाने हिरवी वस्तू हवी म्हणून हिरवा त्रिकोण ठेवला होता, आणि तेथून पुढची प्रत्येक सूचना त्याच्यापुढील रचनेशी विसंगत ठरत गेली होती. तरी तो सुचेल त्या कल्पकतेने ती पाळीत होता. मंद ठरवलेल्या मुलाच्या वागण्याला कारण होते, हे शिक्षकांना उमगले.

शॉन हा प्रसंग चिंतनाचे उदाहरण म्हणून देतात. परंतु तो नीट वाचला असता काय दिसते? पहिल्या खेपेस शिक्षक चिंतन करीत नव्हते असे नाही. ते निरीक्षण करीत होते, तर्क करीत होते, कारणमीमांसा करीत होते. आणि हे सारे चिंतन सूचना देणाऱ्याच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागेवर उभे राहून चालले होते. ते बदलण्यास तीन गोष्टी लागल्या: फीत, म्हणजे पुन्हा पाहता येईल असा पुरावा, एक बाहेरची व्यक्ती, आणि ‘हिरवा चौकोन’ हे दोन शब्द, ज्यांना आकड्यासारखी निश्चितता होती. यांपैकी एकही गोष्ट शिक्षकांच्या अंतरंगातून आलेली नाही. चिंतन धारणेच्या आतच फिरत राहते आणि धारणेपाशी अपयशाचा खुलासा नेहमी तयार असतो, तो म्हणजे विद्यार्थी. शॉन यांच्या सिद्धान्तात या बाहेरच्या साक्षीला जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळालेले नाही. स्टीफन ब्रुकफील्ड यांनी १९९५ मध्ये चिंतनशील अध्यापकासाठी चार भिंगे सुचवली. त्यांत अध्यापकाचे स्वतःचे अनुभव हे एक, आणि विद्यार्थ्यांची दृष्टी, सहकाऱ्यांची दृष्टी व शास्त्रीय वाङ्मय ही तीन बाहेरची आहेत. ही दुरुस्ती स्वागतार्ह खरी. परंतु चारही भिंगे तेथे एका ओळीत ठेवली जातात. विद्यार्थ्याचे भिंग इतरांसारखेच एक आहे, असे मात्र नव्हे.

हे सिद्ध करण्यास एरिक मझूर यांचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. मझूर मूळचे नेदरलँड्सचे. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी १९८४ पासून पदार्थविज्ञानाचा प्रास्ताविक अभ्यासक्रम शिकवला. विद्यार्थी बहुतांशी वैद्यकाकडे जाऊ इच्छिणारे, पदार्थविज्ञानाची विशेष ओढ नसलेले. तरी सत्राखेरीच्या मतपत्रिकांत मझूर यांना चांगले गुण मिळत, आणि अवघड उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सुटत. आपण उत्तम शिकवतो, ही त्यांची धारणा निराधार नव्हती. तिला उपलब्ध असलेले सर्व आधार होते. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या एका छोट्या लेखात त्यांनी त्या काळातील एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली आहे. आपली व्याख्यानाची टिपणे ते विद्यार्थ्यांना वाटत असत. काहींनी मतपत्रिकेत तक्रार केली, की प्राध्यापक टिपणांतूनच जसेच्या तसे शिकवतात. मझूर यांना याचा राग आला. वाटलेल्या टिपणांहून निराळी टिपणे व्याख्यानासाठी तयार करावयाची काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करण्याचे ठरवले. हेही चिंतनच होते. तक्रार आली, तिचा विचार झाला, तर्कशुद्ध उत्तर काढण्यात आले. विद्यार्थ्यांचे खरे होते हे त्यांना पुढे काही वर्षांनी कळले.

कळले ते असे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले होते. बल आणि गती यांविषयी विद्यार्थी वर्गात येतानाच काही रोजच्या अनुभवातील समजुती घेऊन येतात आणि नेहमीच्या अध्यापनाने त्या फारशा हलत नाहीत, मग शिकवणारा कोणीही असो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मझूर यांनी हे निबंध १९९० मध्ये वाचले. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे खरे नसणार, अशा खात्रीने त्यांनी ती चाचणी वर्गाला दिली. प्रश्न अगदी साधे, सूत्रे न लागणारे. एक अवजड ट्रक आणि एक हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावतो? न्यूटनचा तिसरा नियम प्रत्येकाला पाठ होता. चाचणी सोडवताना एका विद्यार्थिनीने विचारले, की ही उत्तरे तुम्ही शिकवलेत त्याप्रमाणे लिहू, की मला वाटते त्याप्रमाणे? निकाल निराशाजनक लागला. किती तरी अवघड मानलेल्या सत्रपरीक्षेहून या सोप्या चाचणीत विद्यार्थ्यांनी फारसे अधिक यश मिळवले नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात एका अध्यापनपद्धतीचे पूर्ण परीक्षण आहे. विद्यार्थ्याच्या मनात दोन खाती असतात. एकात प्राध्यापकांनी सांगितलेले जमा होते आणि परीक्षेच्या दिवशी परत केले जाते. दुसऱ्यात जग जसे भासते तसे राहते. आणि दोन खात्यांचा मेळ घालण्याची गरज कधीच पडत नाही. सहा वर्षे चांगले गुण मिळवणारे अध्यापन पहिल्या खात्यातच चालले होते. मझूर यांनी पुढे परीक्षेत मुद्दाम जोडीचे प्रश्न घातले: एकात विद्युत्‌मंडलाचे आकडेमोडीचे उदाहरण, दुसऱ्यात कळ बंद केल्यावर कोणता दिवा उजळेल यासारखा साधा प्रश्न. आकडेमोड जमलेल्या पुष्कळांना दिव्याचे उत्तर आले नाही. चाचणीची उत्तरे समजावून सांगतानाही त्यांची हीच गत झाली. फळ्यावर त्यांनी आपल्या मते निर्दोष स्पष्टीकरण दिले, तरी वर्गाचे चेहरे गोंधळलेलेच राहिले. दुसरे काही सुचेना म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी बोलावयास सांगितले. वर्गात एकच गलका झाला आणि थोड्याच मिनिटांत पुष्कळांना उत्तर उमगले. ज्याला नुकतेच समजले आहे, त्याला न समजण्याची अडचण अजून आठवते. प्राध्यापकाला ती केव्हाच विसरलेली असते. यातून परस्परशिक्षणाची पद्धत निघाली, जिचे विवेचन मझूर यांनी १९९७ च्या पुस्तकात केले: थोडे विवेचन, एक प्रश्न, प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा उत्तर. उत्तरे प्रथम हात किंवा पत्ते उंचावून, पुढे क्लिकरने दिली जाऊ लागली.

या पद्धतीची चर्चा बहुधा विद्यार्थ्यांच्या सहभागाच्या दृष्टीने होते. येथे तिचे दुसरे अंग महत्त्वाचे आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी ती अध्यापकापुढे साक्ष उभी करते. किती जणांनी चूक उत्तर दिले आणि कोणती चूक केली, हे तास चालू असतानाच कळते. शॉन यांच्या वास्तुशिल्पज्ञाला जी रेघ दिसत होती, ती अध्यापकाला येथे प्रथमच दिसते. कृतिगत चिंतन त्यानंतर शक्य होते. त्यापूर्वी ते एक गौरवशब्द होते. मझूर आणि कॅथरीन क्राउच यांनी २००१ मध्ये दहा वर्षांचा हिशेब दिला आहे. अभ्यासक्रमाच्या आरंभी जे अनवगत होते त्यापैकी किती भाग अखेरीस अवगत झाला, हे या क्षेत्रातील रूढ मापन. १९९० च्या व्याख्यानवर्गात तो भाग ०.२५ होता, १९९१ मध्ये ०.४९ झाला आणि १९९७ मध्ये ०.७४ वर गेला. पहिली उडी पद्धतीची म्हणता येईल. नंतरची वाढ प्रश्न दरवर्षी दुरुस्त केल्याची, वाचन तासाआधी करून घेतल्याची आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा रूढ व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना कृतिप्रवण करणाऱ्या वर्गांची ०.४८ निघाली. त्या १४ व्याख्यानवर्गांत नावाजलेले वक्ते नसतील असे नाही; सरासरीत त्यांचा ठसा दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की विद्यार्थ्याची साक्ष घेण्याची व्यवस्था आता सर्वत्र झालेलीच आहे. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद १९९४ मध्ये स्थापन झाल्यापासून आपल्या महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या मतपत्रिका भरून घेण्याचा परिपाठ पडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या आत्ममूल्यमापनालाही गुणांचे कोष्टक दिले. परंतु मत आणि साक्ष यांत अंतर आहे. हार्वर्डमध्येच लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये केलेल्या प्रयोगात असे आढळले, की सक्रिय वर्गात बसलेले विद्यार्थी अधिक शिकले; मात्र आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, आणि ओघवत्या व्याख्यानानंतर उलट भावना झाली. बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्र विचार करून मतपत्रिकेतील गुण आणि प्रत्यक्ष शिकणे यांत संबंध आढळत नाही असा निष्कर्ष काढला. विद्यार्थ्याला अध्यापक कसा वाटतो हे विचारणे म्हणजे त्याला परीक्षकाच्या खुर्चीत बसवणे आहे. परिव्राजिकेने मालविकेला गणदासाविषयी मत विचारले नव्हते.

तथापि साक्ष मिळाली की काम झाले, असे समजणेही चूक ठरेल. हलून आणि हेस्टेनिस यांचे निबंध पाच वर्षे छापील स्वरूपात सर्वांपुढे होते. ‘विद्यार्थीच कच्चे’, हा खुलासा करून ते मिटून ठेवणे कोणालाही शक्य होते. चार्ल्स हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ७२२ पदार्थविज्ञान-प्राध्यापकांच्या पाहणीवरून २०१२ मध्ये दाखवले, की संशोधनसिद्ध पद्धती वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पुढे त्या सोडून देतात. ज्यांची धारणा संक्रमणाचीच राहते, ते क्लिकरचा उपयोगही हजेरी घेण्यासाठी करू शकतात. येथे धारणेच्या अभ्यासकांचे म्हणणे आपल्या जागी खरे ठरते. मझूर यांनी केले ते एवढेच, की निकालाचा दोष विद्यार्थ्यावर ढकलण्याची वाट मोकळी असता ती घेतली नाही. साक्षीने प्रश्न उभा केला. तो आपल्यावर ओढवून घेणे हे चिंतनाचे काम होते, आणि ते चाचणीने आपोआप झाले नसते. तरीही मझूर यांच्या कथेला आता जे एकाएकी झालेल्या परिवर्तनाचे रूप दिले जाते, ते सावधपणेच घ्यावे. त्यात दहा वर्षांची प्रश्न घडवण्याची मेहनत झाकली जाते.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो मानव्यविद्यांच्या अध्यापकांकडून हटकून येतो. पदार्थविज्ञानात बरोबर उत्तर असते. कवितेत हिरवा चौकोन कोठे शोधावयाचा? या आक्षेपाचे उत्तर मझूर यांच्या साठ वर्षे आधी दिले गेले आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाटल्या, त्यांवर जे वाटेल ते लिहावयास सांगितले, आणि अशा तेरा कवितांवरील लेखी प्रतिक्रियांचे विश्लेषण १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडले. इंग्रजी वाङ्मयाचा रीतसर अभ्यास करणाऱ्या, चांगल्या शाळांतून आलेल्या या तरुणांना पुष्कळदा कवितेचा सरळ शब्दार्थही लागलेला नव्हता. कोणी ठरीव भावनांचे साचे तिच्यावर बसवले होते, कोणी एखाद्या शब्दाने उठलेल्या खासगी आठवणीत वाहून गेले होते. मराठी समीक्षेने रिचर्ड्‌स यांचे नाव घेतले ते मुख्यतः काव्यार्थ आणि भाषेची भावनिक कार्ये यांच्या चर्चेत. अध्यापक रिचर्ड्‌स त्या मानाने उपेक्षितच राहिले. वस्तुतः त्या ग्रंथातील विद्यार्थ्यांचे कच्चे कागद हाच त्यांचा सर्वांत धाडसी भाग आहे. विद्यार्थी आपल्यासमोर नसताना कविता कशी वाचतो, हे त्यांनी प्रथम पाहिले आणि मग शिकवण्याविषयी लिहिले.

या उपक्रमाचे पुढे काय झाले, हेही उद्‍बोधक आहे. अपरिचित कवितेचे रसग्रहण हा परीक्षेतील प्रश्न झाला. प्रश्न आला म्हणून नमुना उत्तर आले, नमुना आला म्हणून मार्गदर्शक पुस्तिका आल्या, आणि ‘आशयघन’, ‘प्रत्ययकारी’, ‘भावगर्भ’ ही विशेषणे कोणत्याही कवितेवर चिकटवता येतील अशा रीतीने पाठ होऊ लागली. विद्यार्थ्याचे दुसरे खाते उघडण्यासाठी काढलेली किल्ली पहिल्या खात्यात जमा झाली. साधारणीकरणाची व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मर्ढेकरांची त्याने न पाहिलेली एखादी कविता ठेवून, तिच्यातील एका ओळीचा अर्थ त्याच्या घरच्या भाषेत लिहावयास सांगितले, तर काय दिसते, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला यंत्रसामग्रीची गरज नाही. अर्धा कागद आणि पाच मिनिटे पुरतात. मात्र तो कागद तासाच्या आधी लिहून घेतला पाहिजे आणि त्याला गुण देता कामा नयेत.

आपल्या संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थेत तर असा कागद हाच एक मार्ग उरतो. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवणे महाविद्यालयाकडे आणि परीक्षणे विद्यापीठाकडे, अशी वाटणी तेव्हापासूनची. तिचा निःपक्षपातासाठी उपयोग झाला हे नाकारता येत नाही. परंतु पदवीच्या अंतिम परीक्षेतील उत्तरपत्रिका तपासल्या जातात त्या बहुधा दुसऱ्याच महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडून, नाव-क्रमांक झाकून. ज्याने वर्षभर शिकवले त्याच्या हाती शेवटी येते ते निकालपत्रक: इतके उत्तीर्ण, इतके प्रथम वर्गात. ट्रक आणि मोटार यांच्याविषयी कोणी काय लिहिले, कवितेतला कोणता शब्द किती जणांना अडला, हे त्यात नसते. ज्या कागदावर ती साक्ष होती तो त्याने कधी पाहिलेला नसतो. स्वायत्त महाविद्यालयांत आणि अंतर्गत मूल्यमापनात तो हाती येऊ शकतो. तेथेही वीसपैकी गुणांची यादी कार्यालयात पोचती झाली, की चाचणीच्या वह्या दोरीने बांधून कपाटात जातात.